क्लिप, खुर्ची आणि कोठडी

एखाद्या पुढाऱ्याची दोन-तीन मिनिटांची ऑडिओ क्लिप फिरू लागली की बेळगावात पुढचे चार दिवस कसे जातात हे आता पाठ झालंय. पहिल्या दिवशी धर्मवीर संभाजी चौकात नाहीतर चन्नम्मा सर्कलला घोषणा. दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन. तिसऱ्या दिवशी पुढाऱ्याचा खुलासा: आवाज माझा नाही, असलाच तर तोडून-जोडून वापरलाय, आणि काही झालं तरी ते खासगी बोलणं होतं. चौथ्या दिवशी ‘गुन्हा दाखल’. त्यानंतर सामसूम.

परदेशात पांगलेल्या बेळगावकरांत यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, माणूस चार भिंतींत काय बोलतो त्यावर कसली कारवाई करता, उद्या घराघरात माईक लावाल. दुसरा म्हणतो, इंग्लंड-अमेरिकेत असता तर एव्हाना आत गेला असता. दोघांचंही अर्धंच खरं आहे. ब्रिटनमध्ये राहून इथले कायदे आणि तिकडचे खटले दोन्ही पाहिल्यावर माझं मत असं झालंय की खासगीतल्या गलिच्छ बोलण्यासाठी पुढाऱ्याची खुर्ची जरूर मागावी, कोठडी मागू नये. सीमाभागातल्या मराठी माणसाने तर मुळीच मागू नये.

अमेरिकेचं आधी उरकतो, कारण तिथे आत कोणीच जात नाही. लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचा मालक डोनाल्ड स्टर्लिंग ओळखीतल्या तरुणीला सांगत होता की माझ्या सामन्यांना काळ्या लोकांना आणू नकोस. घरातलं बोलणं, चोरून रेकॉर्ड केलेलं. एप्रिल २०१४ मध्ये ते बाहेर आलं आणि चार-पाच दिवसांत लीगने त्याला तहहयात बंदी आणि २५ लाख डॉलर दंड ठोठावला. सरकारने बोटही लावलं नाही, कारण भाषणस्वातंत्र्याची तिथली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी लीगला नाही. लीगने स्वतःचे नियम वापरले. १९८१ मध्ये सव्वा कोटी डॉलरला घेतलेला संघ दोन अब्जांना विकला गेला, म्हणजे अद्दल घडली की लॉटरी लागली हे ज्याचं त्याने ठरवावं. पण खुर्ची गेली.

ब्रिटनमध्ये मात्र आत जाता येतं, आणि तेही विचित्र वाटेने. २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम १२७ सांगतं की सार्वजनिक दूरसंचार जाळ्यावरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणं हा गुन्हा, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. लेस्टरशायरमधला एक इसम दोन वर्षं आपल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करून वंशवाचक शिव्या देत होता, कधी कर्मचाऱ्यांना, कधी आन्सरिंग मशीनवर. ते ऐकणाऱ्यांपैकी एकही जण वांशिक अल्पसंख्याक नव्हता. खालच्या कोर्टाने त्याला सोडून दिलं. २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल फिरवला: ऐकणाऱ्याला लागलं की नाही हा प्रश्नच नाही, लोकांच्या सोयीसाठी असलेल्या तारेवरून असली घाण वाहून नेणं हाच गुन्हा.

याच कलमाखाली २०२३ मध्ये लंडन पोलिसांतून निवृत्त झालेल्या सहा जणांना शिक्षा झाली. बंद व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी वर्णद्वेषी मेसेज टाकले होते. कैद निलंबित ठेवली, तुरुंगात कोणी गेलं नाही. मेसेज ओंगळ होते, वादच नाही. पण ज्यांची नोकरीच उरलेली नाही त्यांची नोकरी घेता येत नाही म्हणून फौजदारी कायदा उचलला, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. गंमत म्हणजे हेच सहा जण कुणाच्या दिवाणखान्यात बसून हेच बोलले असते तर हे कलम लागलं नसतं. वांशिक द्वेष चिथावण्याबद्दलचा १९८६ चा पब्लिक ऑर्डर ॲक्टसुद्धा घरात बोललेलं, घराबाहेर न ऐकू गेलेलं वगळतो. स्कॉटलंडच्या नव्या कायद्यात, जो १ एप्रिल २०२४ ला लागू झाला, ही घरगुती सूट नाही. एकाच बेटावर दोन नियम. त्यामुळे ‘इंग्लंडात असता तर’ म्हणणाऱ्यांनी आधी सीमेच्या कुठल्या बाजूला आणि कुठल्या उपकरणावर ते विचारावं.

आता घरचं. आपल्याकडे वर्णाचा प्रश्न नाही, फक्त भाषेचा आहे, असं म्हणणाऱ्यांनी खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या सिद्दी वस्त्यांवर एकदा जाऊन यावं. पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज, घाटात पळून येऊन वसलेले. कोकणी, मराठी, कानडी तिन्ही सफाईने बोलतात, तरी बाजारात त्यांना हाक कशी मारली जाते ते सांगायला नको. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना तो मिळायला २०२० उजाडलं. हल्याळ आणि खानापूर हे तालुके एकमेकांना लागून आहेत. म्हणजे सतरा वर्षं एकच शिवी हल्याळच्या सिद्दीला दिली तर ॲट्रॉसिटी, खानापूरच्या सिद्दीला दिली तर साधी शिवीगाळ. सीमेचा त्रास म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असल्याचा आपला दावा असतो. हा त्रास आपल्या कुठल्या मोर्चात कधी दिसला?

आणि ॲट्रॉसिटी लागूनही क्लिपचं प्रकरण टिकत नाही, त्याचं कारण कायद्याच्या शब्दांत आहे. जातीवरून किंवा जमातीवरून अपमान करणं हा गुन्हा ठरायला तो ‘पब्लिक व्ह्यू’मध्ये, म्हणजे लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं, अटकपूर्व जामीन नाही, तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. कायदा कडक आहे, दार मात्र अरुंद. बंगल्याच्या फाटकाशी उभ्या गाडीजवळ शिवी दिली तर ती लोकांच्या नजरेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना दिली तर नाही, असं नोव्हेंबर २०२० मध्ये. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ लोकांसमोरच आहे, असं केरळ उच्च न्यायालय २०२२ मध्ये म्हणालं. मग दोघांतल्या फोनवरच्या बोलण्याचं काय? ते लोकांसमोर आलं ते बोलणाऱ्यामुळे नव्हे, क्लिप फोडणाऱ्यामुळे. आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला नेमकं हेच बोलतो.

मग पोलीस दुसरं कलम जोडतात, भारतीय न्याय संहितेचं १९६, म्हणजे जुन्या दंड संहितेचं १५३अ. यात धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात सगळं आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण इथे दोन गटांत वैर पेटवण्याचा प्रयत्न दाखवावा लागतो. एका माणसाला दुसऱ्याजवळ शिव्या घालणं त्यात बसवताना घाम फुटतो. त्याहून मोठी अडचण अशी की न्यायालयाने या कलमाखालच्या गुन्ह्याची दखल घ्यायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती मंजुरी बेंगळुरूत अडकते किंवा बेंगळुरूतून धावत येते, आणि पुढारी कुठल्या पक्षाचा यावर ते ठरतं हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मंजुरी मिळून दोषी ठरला तर मात्र दणका मोठा आहे: लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे १५३अ खाली नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक बंद, जिथे बहुतेक इतर गुन्ह्यांना किमान दोन वर्षांची कैद व्हावी लागते.

हीच तलवार कुणाच्या मानेवर आधी येते? डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली, इकडे बेळगावच्या अनगोळात कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि त्यानंतरच्या गोंधळात बेळगावातल्या मराठी कार्यकर्त्यांवर थेट राजद्रोहाचं कलम लागलं. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच थांबवून ठेवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमध्ये मराठी-कानडीवरून कंडक्टरला मारहाण झाली, दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या, आणि उलटसुलट गुन्हे दाखल झाले. जो समाज कर्नाटकात संख्येने कमी, ज्याची फाईल दुसऱ्याच्या टेबलावर, त्याने ‘बोलण्यावरून अटक करा’ ही मागणी करताना ती फिरून कुठे येईल याचा हिशेब मांडायला हवा.

सुवर्णसौधातला, म्हणजे बेळगावच्या विधानभवनातला प्रकार आठवा. १९ डिसेंबर २०२४ ला, हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत भाजपचे सी. टी. रवी यांनी मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याबद्दल अपशब्द वापरल्याचा आरोप झाला. रवी यांनी तो नाकारला. पोलिसांनी त्यांना त्याच दिवशी ताब्यात घेतलं, दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाने सोडायला सांगितलं. सभागृहातल्या बोलण्यावर कोर्टात कारवाई होत नाही, असं घटनेचं कलम १९४ म्हणतं. त्या कवचात शिवी बसते का, हा खरा वादाचा मुद्दा होता. तो सभागृहाने आपल्या शिस्तीत आधी सोडवायचा, पोलीस गाडीने नव्हे. अटक झाली आणि चर्चा शब्दावरून उठून अटकेवर गेली. रवी यांच्या पक्षाला आयता नायक मिळाला. कोठडी मागितली की हे असं होतं.

बेंगळुरूचे आमदार मुनिरत्न यांना सप्टेंबर २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यात अटक झाली, तीही ठेकेदाराच्या तक्रारीवरून, जातिवाचक शिव्यांच्या क्लिपसाठी. त्यांनीही आरोप नाकारले. अटकेने आमदारकी जात नाही.

क्लिप हाती आलीच तर काय करावं, हेही सांगतो, कारण बहुतेक प्रकरणं कायद्यापेक्षा उतावीळपणाने बुडतात. ज्या फोनवर मूळ रेकॉर्डिंग झालं तो फोन हा पुरावा, ग्रुपवर फिरलेली फाईल नव्हे. व्हॉट्सॲपवरून गेलेला व्हॉइस मेसेज दाबला जातो, तारीख-वेळ पुसली जाते, आणि तिसऱ्या फॉरवर्डनंतर कुणी काय कापलं ते कळत नाही. फोन बंद करून बाजूला ठेवावा, रीसेट किंवा ‘क्लीन’ करू नये. साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग: ‘अ’ फोन वापरणाऱ्याने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा आकडी ठसा, दोन्हीकडे लिहायची. नंतर एक अक्षर बदललं तरी हा ठसा जुळत नाही. चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालतं का? अनेक दशकांपासून चालतं, प्रकरणाशी संबंध आणि खरेपणा सिद्ध झाला तर. आवाज माझा नाही म्हणणाऱ्याचा नमुना घ्यायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतो, २०१९ च्या निकालानंतर त्यात शंका उरली नाही.

आणि स्वतः फॉरवर्ड करू नका. खासगी शिवी गावभर पोचवणारा, ओळखीच्या फौजदाराला सोयीचा असेल तर, त्याच १९६ खाली पहिला आरोपी होऊ शकतो.

खुर्ची मागायची म्हणजे कुणाकडे? आमदार-खासदारांचं सोपं आहे, पक्षाची शिस्तपालन समिती आणि सभागृहाची आचारसंहिता. पण आपल्या भागातला पुढारी नुसता आमदार नसतो. साखर कारखान्याचा, पतसंस्थेचा, शिक्षण मंडळाचा तो संचालक किंवा अध्यक्ष असतो, आणि खरी ताकद तिथून येते. या संस्थांना उपविधी, म्हणजे स्वतःचे लेखी नियम असतात. त्यात पैशाच्या अपहाराबद्दल पानंच्या पानं असतात, संचालकाने जात, वर्ण किंवा भाषेवरून माणसाचा अपमान केला तर काय, याबद्दल ओळ नसते. ती ओळ घालता येते: लेखी तक्रार, संचालक मंडळाबाहेरच्या तिघांची चौकशी, नव्वद दिवसांत अहवाल, दोषी ठरल्यास उरलेल्या मुदतीसाठी पद रिकामं. चौकशीत फौजदारी पुराव्याची काटेकोर कसोटी लावायची गरज नाही, पण आरोपीला ऐकून घ्यावंच लागेल, नाहीतर निबंधकांकडे ठराव टिकणार नाही. स्टर्लिंगच्या लीगने याहून फार वेगळं काही केलं नव्हतं.

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींसाठी एक चिमटा. ब्रिटनच्या समानता कायद्यात जात स्पष्टपणे घालायचं २०१३ मध्ये संसदेने ठरवलं, २०१८ मध्ये सरकारने ते बासनात गुंडाळलं, आणि ते गुंडाळावं म्हणून धडपडणाऱ्यांत आपल्यापैकी कमी लोक नव्हते. तेव्हा स्टर्लिंगचं उदाहरण देताना आवाज जरा बेतानेच चढवावा.

वार्षिक सर्वसाधारण सभा बहुतेक सहकारी संस्थांची सप्टेंबरात असते. उपविधी दुरुस्तीचा विषय अजेंड्यावर आणायला सभासदाने आधी लेखी द्यावं लागतं, आणि एकरकमी उसाचे पैसे कधी हे विचारायला उठणाऱ्याच माणसाने तो अर्जही दिला तर बरं, कारण त्याला खाली बसवणं अवघड जातं.