‘चांदबीबी महाल’ म्हणजे चांदबीबीची कबर नव्हे

माझ्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी मोगलांशी झुंजून अहमदनगरची निजामशाही राखणारी चांदबीबी हा विषय घेतला आणि तयारीसाठी तिच्या हाती पडला तो व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश. त्याचा मथितार्थ असा: अहिल्यानगरजवळच्या डोंगरावरचा महाल चांदबीबीने स्वतः बांधला, तिथेच तिची कबर आहे, तिथून नगरच्या भुईकोट किल्ल्यापर्यंत भुयार जाते, तोफगोळे संपल्यावर तिने सोन्याचांदीची नाणी डागली, आणि शेवटी मोगलांच्या हाती लागू नये म्हणून तिने तेजाबाने, म्हणजे ॲसिडने, भरलेल्या विहिरीत उडी घेतली. म्हणून प्रत्येकाने एकदा तरी डोंगरावर जाऊन तिच्या कबरीवर फूल वाहावे, असे आवाहनही शेवटी आहे. भाषण पाठ होण्याआधी ते माझ्या नजरेस पडले, म्हणून हा खटाटोप.

कबरीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. पाथर्डी रस्त्यालगतच्या डोंगरावरील ती अष्टकोनी, तीन मजली वास्तू म्हणजे मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान दुसरा याची कबर आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ती सलाबतखानाच्याच नावे आहे आणि १८८४ सालच्या गॅझेटियरच्या नगर खंडातही तिची ओळख हीच आहे. चांदबीबी मारली गेली १६०० साली. सलाबतखान त्याआधीच निवर्तला होता. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या जागेला ‘चांदबीबी महाल’ म्हणत आले आहेत आणि पुढेही म्हणतील, हे मान्य करावेच लागते. पण रूढ नाव हा दफनाचा पुरावा होत नाही.

खरा संताप येतो तो तेजाबाच्या विहिरीचा. गंधकाम्ल मोठ्या प्रमाणावर काढण्याची शिशाच्या कोठ्यांची पद्धत इंग्लंडात निघाली ती १७४६ साली, म्हणजे या घटनेनंतर जवळजवळ दीड शतकाने. वेढा पडलेल्या किल्ल्यात, जिथे दारूगोळ्याचीच ददात, तिथे विहीर भरेल इतके तेजाब कोणी आणि कशासाठी साठवले होते, हा प्रश्न संदेश पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडू नये? तरीही हा नुसता हास्यास्पद तपशील असता तर मी सोडून दिला असता. ही कथा एक खून झाकते. फिरिश्ता हा चांदबीबीचा समकालीन इतिहासकार, आधी निजामशाहीत आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीत वावरलेला, त्यामुळे दोन्ही दरबारांची माहिती असलेला. त्याने दिलेली हकीकत अशी की मोगल शहजादा दानियालच्या फौजेने किल्ला घेरला असताना आता तह करून लहानग्या बहादूर निजामशहाला वाचवावे, असा विचार तिने हमीदखान या सरदारापाशी बोलून दाखवला. त्याने बाहेर जाऊन ती मोगलांना फितूर झाल्याची आवई उठवली, आणि खवळलेल्या जमावाने तिच्या महालात घुसून तिला ठार केले. हे मारेकरी मोगल नव्हते, तिचेच लोक होते. त्यानंतर थोड्याच काळात, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. फितुरीचा खोटा आळ घेऊन मारलेल्या बाईच्या मृत्यूला आत्मबलिदानाचा मुलामा दिला की आळ घेणारे आपोआप सुटतात, आणि वर आपणच तिचा गौरव केल्याचे समाधानही मिळते.

नाण्यांच्या गोष्टीत अर्धे तथ्य असेल. ती जुनी आहे, नंतरच्या इतिहासग्रंथांत आणि लोककथांत येते, आणि दारूगोळा संपत आल्यावर हाताला लागेल तो धातू तोफेत भरणे अशक्य नाही. मात्र ती शोभते १५९५-९६ च्या पहिल्या वेढ्याला, आणि त्या वेढ्यातली खरी घटना तिच्यापेक्षा सरस आहे. मोगल शहजादा मुरादच्या सैन्याने तटाखाली पेरलेल्या सुरुंगांपैकी काही आतल्यांनी शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. तेव्हा चेहऱ्यावर बुरखा आणि हातात नागवी तलवार घेऊन चांदबीबी स्वतः खिंडारात उभी राहिली, दिवसभर हल्ले परतवले आणि रातोरात तट पुन्हा चढवून घेतला. अखेर मोगलांना वऱ्हाड प्रांत देऊन तह झाला, पण किल्ला राहिला. तेजाबाच्या विहिरीपायी संदेशात याला एक ओळही मिळालेली नाही.

भुयाराबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. महाराष्ट्रात भुयार नसलेली जुनी वास्तू अजून कोणी दाखवलेली नाही.

राहिला फुलांचा प्रश्न. चांदबीबीची आठवण जागवायची तर ती नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटापाशी जागवावी, कारण तिने जे केले ते तिथे केले. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे मनात आले की आत जाता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण तट आणि खंदक बाहेरूनही दिसतात. डोंगरावरही जरूर जावे, वरून दिसणारा मुलूख आणि ती वास्तू दोन्ही पाहण्याजोगी आहेत. फक्त तिथे वाहिलेले फूल सलाबतखानाला पोहोचते, आणि ज्याने नगरच्या फराहबाग या निजामशाही महालाचे काम पुरे केले त्याला ते मिळण्यात गैर काही नाही.