‘पाणी येत नाही म्हणजे व्हॉल्व्ह गेला’ म्हणणाऱ्या वाचकास

फ्रिजमधल्या आइस मेकरमध्ये पाणी का येत नाही, या माझ्या लेखावर काल तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत. नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी देते. (इनलेट व्हॉल्व्ह म्हणजे फ्रिजमध्ये पाणी सोडणारी विजेची झडप.) तुम्ही लिहिता : “काकू, पाणी येत नाही म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह गेला, हे धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यासाठी एवढं पाल्हाळ कशाला? मी माझ्या घरी व्हॉल्व्ह बदलला, विषय संपला. वायर जोडून यंत्र फिरवायला सांगणं धोक्याचं आहे. तापमान फक्त फॅरनहाइटमध्ये का? तुम्ही रेसिपी लिहा, हे टेक्निशियनवर सोडा.”

फॅरनहाइटबद्दल तुमचं बरोबर आहे. मी न्यू जर्सीतून लिहिते, पण पुण्या-नाशिकचे वाचकही इथे येतात, त्यांच्यासाठी सेल्सियसचे आकडे द्यायला हवेत. ते आज रात्री लेखात घालते.

काकू म्हणायलाही माझी हरकत नाही, वयाने मी तुमची काकू असेनही. पण “रेसिपी लिहा” हे तुम्ही कोणत्या आधारावर लिहिलंत? मी आजवर इथे एकही रेसिपी लिहिलेली नाही. लिहिलं ते वॉशिंग मशीनच्या ड्रेन पंपावर, गीझरच्या कॉइलवर, फ्रिजच्या डीफ्रॉस्ट टायमरवर. तुम्ही लिहिणाऱ्या बाईचं नाव पाहिलंत आणि वाक्य ठोकून दिलंत. याच लेखावर एका गृहस्थांनी तुमच्यापेक्षा अवघड शंका विचारली आहे, पण नीट, सभ्य भाषेत. मतभेद कसा मांडतात हे पाहायचं असेल तर ती वाचा.

आता ते शेंबडं पोर. ते मी होते. नाशिकला रविवार कारंज्याजवळ माझ्या वडिलांचं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे बाकावर बसायचे आणि मीटरच्या दोन्ही टोकांना काय धरायचं हे हाताने शिकायचे. तेव्हा प्रत्येक गिऱ्हाईक दारातूनच सांगायचं, “गॅस गेलाय.” फ्रिज थंड होत नाही म्हणजे गॅस गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. वडील “हो” म्हणायचे आणि आधी कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले काढून बघायचे, मग तो फार तापला की वीज तोडणारा ओव्हरलोड, मग मागच्या जाळीवरची धूळ, मग दाराचं रबर. किती तरी वेळा गॅसला हातही लावावा लागायचा नाही. बाजूच्या दुकानदाराने मात्र आल्या आल्या गॅस भरून पैसे घेतले असते, आणि आठवड्याने तोच फ्रिज पुन्हा हातगाडीवर आला असता. मीटर न लावता सुटा भाग बदलायचा नाही, हा त्या दुकानाचा नियम होता आणि तो माझ्या अंगात मुरलेला आहे. तुमच्या वाक्यातला व्हॉल्व्ह मला तेव्हाच्या त्या गॅससारखाच वाटतो.

तुमच्या एका वाक्याने काय काय गाळलं ते सांगते. घरोघरी दिसणाऱ्या साध्या मॉड्युलर आइस मेकरमध्ये पाणी भरणं ही फेरीतली शेवटची पायरी असते. साचा साधारण १५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ९ सेल्सियसच्या आसपास थंड झाला की त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर चालणारं बटण, जुळतो. मग मोटर सुरू होते, हीटर साचा जरासा गरम करतो, दाते फिरून बर्फ बाहेर ढकलतात. हे होत आलं की सात-साडेसात सेकंदांपुरती व्हॉल्व्हला वीज मिळते. तेवढ्यात जे पाणी येईल ते येईल. आता फ्रीझर उणे १८ वर असण्याऐवजी उणे सहा-सातवर रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट जुळतच नाही आणि व्हॉल्व्हपर्यंत वीज पोचतच नाही. तिथे नवा कोरा व्हॉल्व्ह बसवलात तरी साचा कोरडाच राहणार. म्हणून लेखात थर्मामीटर पहिला आहे. बर्फाची टोपली भरली की यंत्र थांबवणारी दांडी कुणाच्या हाताने वर राहिली आहे का, हे दुसरं आहे. डिस्पेन्सरमधून पाणी जोरात येतं का, हे तिसरं. ते जोरात येत असेल तर घराची लाइन आणि फिल्टर दोन्ही निर्दोष ठरतात आणि अर्धी शोधाशोध तिथेच वाचते. ते बारीक येत असेल तर फिल्टर काढून त्या जागी बायपास टोपण (फिल्टरशिवाय पाणी पुढे जाऊ देणारं) लावून बघा. सहा महिन्यांनी बदलायचा फिल्टर लोक दोन-दोन वर्षं ठेवतात. याला तुम्ही पाल्हाळ म्हणता. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही.

“मी बदलला, विषय संपला” यावर मला जास्त बोलायचंय, कारण या अनुभवाने माणूस फसतो. व्हॉल्व्ह बदलायला तुम्ही फ्रिज भिंतीपासून ओढला असेल, प्लग काढला असेल, पाणी बंद केलं असेल. काही तास फ्रिज बंद राहिला. त्या वेळात साच्याकडे जाणाऱ्या नळीत बर्फाचा गोळा अडकलेला असेल तर तो आपोआप वितळला. मग नवा व्हॉल्व्ह लावला, पाणी आलं, आणि श्रेय व्हॉल्व्हला मिळालं! नळी गोठते याचं नेहमीचं कारण म्हणजे पाण्याचा दाब कमी असणं. व्हॉल्व्ह घट्ट मिटायला पाण्याचाच दाब लागतो. तो नसेल तर थेंब थेंब गळत राहतं आणि नळीच्या तोंडाशी गोठतं. दाब तसाच राहिला तर नवा व्हॉल्व्हही तसाच गळेल.

आणि दाब कमी का असतो? इथे न्यू जर्सीत आपल्या मराठी घरांत मी दोन कारणं पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. एक, जुन्या घरांच्या तळघरात तांब्याच्या पाइपाला आवळलेला, सुईने भोक पाडणारा सॅडल व्हॉल्व्ह. त्याचं भोक आधीच बारीक, क्षाराने आणखी बुजतं. दुसरं, आपल्याला आरओशिवाय चैन पडत नाही, म्हणून सिंकखालच्या आरओमधूनच फ्रिजला नळी काढलेली असते. आरओची टाकी भरलेली असताना दाब तीस-चाळीस पीएसआय (पाण्याचा दाब मोजायचं एकक) असतो, ती रिकामी होत आली की दहाच्याही खाली जातो. फ्रिजच्या पुस्तिकांमध्ये किमान दाब बहुधा २० ते ३० पीएसआयच्या घरात दिलेला असतो. त्यात फ्रिजचा स्वतःचा फिल्टरही आत तसाच, म्हणजे आधीच गाळलेलं पाणी पुन्हा एकदा अडतं. हे पाहायला पुण्यातल्या नव्या फ्लॅटांतही जाऊ शकता. साइड-बाय-साइड फ्रिज आणि भिंतीवरचा आरओ ही जोडी आता तिथेही आहे, आणि तिथल्या ज्या आरओला साठवणीच्या टाकीचा दाब नसतो, त्याने हे काम होतच नाही.

वायर जोडण्याबद्दल : आइस मेकरवरची टी आणि एच ही चाचणीची दोन भोकं वायरने जोडून फेरी मुद्दाम सुरू करून बघा, असं मी लेखात लिहिलंय. ती जोडताना आधी प्लग काढायचा, इन्सुलेशन असलेली वायर बसवायची, हात बाहेर घ्यायचा, मगच प्लग लावायचा. हे लेखात ठळक अक्षरांत आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसेल तर त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

टेक्निशियनवर सोडा, म्हणता. मीही शेवटी तेच लिहिलंय, पण शेवटी. या भागात माणूस नुसता दारात आला की शंभर-सव्वाशे डॉलर जातात. नुकतं घर घेतलेलं एखादं जोडपं, हप्ते भरता भरता मेटाकुटीला आलेलं, मला निरोप पाठवतं की व्हॉल्व्ह बदलून झाला, महिन्याने पाणी पुन्हा बंद. अशा माणसांसाठी मी लिहिते. दांडी खाली करायची की नाही एवढ्यासाठी त्यांनी ते पैसे का मोजावेत? त्यांच्यासाठी लिहिलेलं तुम्हाला लांबलचक वाटलं तर वाटू दे, मी ते कमी करणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. तुमचा जुना व्हॉल्व्ह अजून टाकून दिला नसेल तर एक करा. त्यात बहुधा दोन कॉइल असतील, एक डिस्पेन्सरची, एक बर्फाची. बर्फाच्या कॉइलच्या दोन टोकांना मीटर लावा आणि ओहमचा आकडा इथे लिहा. मीटर आकडाच दाखवत नसेल (किंवा ‘ओएल’ दाखवत असेल) तर कॉइल तुटलेली होती, आणि तसं मी लेखाखाली तुमच्या नावाने लिहीन. २०० ते ५०० च्या दरम्यान आकडा आला, म्हणजे कॉइल शाबूत निघाली, आणि पाणी आत येतं तिथली बारीक जाळीही स्वच्छ असली, तर फ्रीझरचं तापमान आणि लाइनचा दाब मोजून तेही कळवा.