काढायचा चुना आणि घालायचा चुना

म्युनिकला आल्यावर मी जो जर्मन शब्द सर्वांत आधी आत्मसात केला तो आभाराचा नव्हता, अभिवादनाचाही नव्हता. तो होता ‘काल्क’. काल्क म्हणजे चुना. या शहराचे पिण्याचे पाणी आल्प्सच्या पायथ्याजवळच्या मांगफाल खोऱ्यातून येते, चवीला उत्तम असते, आणि येताना डोंगरातली चुनखडी विरघळवून घरोघरी पोहोचवते. किटलीच्या तळाशी, नळाच्या तोंडाशी, न्हाणीघराच्या काचेवर, जिथे म्हणून पाणी वाळते तिथे पांढरे कवच धरते, आणि ते वेळच्या वेळी न काढणारा माणूस या देशात आळशीच नव्हे तर जवळजवळ असंस्कृत समजला जातो. म्हणून दर शनिवारी सकाळी मी किटलीत सायट्रिक आम्ल घालून काल्क काढतो. आणि दर शनिवारी संध्याकाळी, त्याच ओट्यापाशी उभा राहून, दुकानातून रोख पैसे मोजून आणलेला काल्क दोन मोठे चमचे भरून बादलीभर पाण्यात घालतो.

या विसंगतीचे मूळ आमच्या दिवाणखान्यातल्या दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत आहे. तिच्यात खारे पाणी आहे, दोन विदूषक मासे आहेत आणि प्रवाळ आहेत. प्रवाळ हा शोभेचा दगड नसून जिवंत प्राणी आहे आणि तो स्वतःचे घर स्वतः बांधतो, हे मला पेटी घेण्यापूर्वी माहीत होते. त्या बांधकामाला लागणारा माल मलाच पुरवावा लागेल, हे मात्र नंतर कळले. खऱ्या समुद्रात दर लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, जर्मन मापाने सात अंशांच्या आसपास असते. समुद्र अफाट असल्यामुळे तिथल्या प्रवाळांनी कितीही उचल केली तरी खाते रिकामे होत नाही. आमचा समुद्र दोनशे लिटरचा. त्यातले भांडवल आठवडाभरात संपू लागते.

यावरचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे ‘काल्कवासर’. पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात तो मत्स्यपेटीवाल्यांमध्ये रूढ केला. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा भारावून गेलो. जर्मन भाषेत कोणतीही गोष्ट आपोआप संशोधन वाटते. त्या भरात मी व्हिडिओ कॉलवर आईला बादली, नळी आणि पांढऱ्या भुकटीचा डबा दाखवून तब्बल पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे चुन्याची निवळीच ना रे? तुझी पणजी करायची. फक्त भांडं हलवू नकोस, वरची वरची घे.”

मी काही काळ गप्प राहिलो. चुन्याची निवळी! सातवी-आठवीच्या प्रयोगशाळेत जिच्यात काचेच्या नळीने फुंकर मारून आम्ही ती दुधाळ केली होती आणि ‘यावरून उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो असे सिद्ध होते’ हे वाक्य वहीत उतरवले होते, तीच ही निवळी. पणजीच्या पानाच्या डब्यातल्या चुनाळ्याशेजारून उठून ती जर्मन नाव धारण करून माझ्याकडे आली होती आणि मी तिला ओळखले नव्हते. ‘भांडं हलवू नकोस’ हा सल्लाही अचूक होता, कारण चुन्यातली बरीचशी अशुद्धी तळाच्या गाळात बसते आणि पेटीत फक्त वरचे नितळ पाणी जायला हवे. हे समजण्यासाठी मी दोन जाड पुस्तके विकत घेतली होती.

निवळी करणे सोपे आहे, असे जो म्हणतो त्याने ती म्युनिकमध्ये केलेली नसते. नळाच्या पाण्यात चुन्याखेरीज सिलिकेट आणि नायट्रेटही असतात व त्यांवर पेटीत शेवाळ पोसते, म्हणून ते पाणी आधी एका महागड्या गाळणीतून शुद्ध करावे लागते. ती गाळणी पाण्यातला सगळा काल्क काढून टाकते. मग त्याच पाण्यात मी काल्क घालतो. बायकोने हा क्रम एकदा पूर्ण पाहिला आणि चुन्याशी संबंधित एक प्रसिद्ध मराठी वाक्प्रचार वापरून विचारले की, दुकानदाराने तुला नेमके काय लावले. त्या भुकटीच्या डब्यावर तिने मराठी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत ‘हे पीठ नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. त्यात तिची चूक नाही. तांदळाच्या पिठीत आणि या भुकटीत दिसायला काडीचा फरक नाही, मात्र निवळीचा सामू (पीएच) साडेबाराच्या जवळ असतो आणि तिची उकड खाण्यायोग्य होत नाही.

चुन्याचा स्वभावही उलटा आहे. पहिल्या आठवड्यात तो नीट विरघळेना, तेव्हा साखरेच्या पाकाचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी पाणी चांगले गरम केले. चुना आणखीच खाली बसला. साध्या खोलीच्या तापमानाला एका लिटरमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, आणि पाणी जितके तापवावे तितका तो कमी विरघळतो. शिवाय बादलीवर झाकण हवे. उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन तिच्यावर दुधावर धरावी तशी साय धरते, आणि ती साय म्हणजे किटलीतलाच काल्क. मी बादलीवर वाकून, गाळ बसला का हे बघत उसासे टाकत असे, तेव्हा शाळेतला तो प्रयोग मी नकळत दर शनिवारी पुन्हा करत होतो.

तयार झालेली निवळी पेटीत थेंबाथेंबाने आणि रात्री सोडायची असते. दिवे मालवल्यावर प्रवाळातल्या सूक्ष्म शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण थांबते, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो व सामू उतरतो. त्याच वेळी निवळी आली की तो सावरला जातो आणि कॅल्शियम व क्षारता दोन्ही प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात मिळतात. आमच्या पेटीतून दिवसाला दीड लिटर पाणी उडते, तितकीच निवळी रात्री जाते. हिशेब सुबक आहे. तो बिघडवायला नळीवरची एक चावी पुरते.

फेब्रुवारीतल्या एका रात्री ती चावी मी झोपेच्या तंद्रीत घट्ट करण्याऐवजी सैल केली. तासाभराने पाणी पिण्यासाठी उठलो तर दिवाणखान्यात ताकाची पेटी उभी होती. तीन लिटर निवळी आत गेली होती, सामू ८.२ वरून ८.८ वर चढला होता आणि दोन्ही मासे एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून माझ्याकडे पाहत होते. अशा वेळी कार्बन डायऑक्साइड हाच तारणहार असतो, आणि बाटलीत भरलेला कार्बन डायऑक्साइड जर्मनीत घरोघरी असतो. फक्त आमच्या घरी नव्हता, कारण बुडबुड्यांच्या पाण्याला आम्ही नऊ वर्षे नावे ठेवत आलो आहोत. रात्री साडेबाराला मी खालच्या मजल्यावरच्या आजींची घंटा वाजवली आणि सोडावॉटर मागितले. त्यांनी माझा चेहरा पाहिला, अपचनाविषयी चार सहानुभूतीचे शब्द काढले आणि दोन बाटल्या दिल्या. पाऊण लिटर सोडा मी पहाटेपर्यंत वाटी-वाटीने पेटीत ओतत बसलो. सकाळी पाणी निवळले. उरलेला सोडा मी प्यायलो. मला खरोखरच अपचन झाले होते.

त्या रात्रीपासून आजींशी आमचा घरोबा वाढला. म्हणून ईस्टरच्या सुट्टीत चार दिवस बाहेर जायचे ठरले तेव्हा किल्ली त्यांच्याकडेच दिली. काम एकच होते, रोज रात्री चावी उघडायची आणि सकाळी बंद करायची. त्यांनी ते कागदावर वेळेसह लिहून घेतले, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

परतलो तेव्हा मासे ठीक होते, चावी बंद होती आणि बादली आरशासारखी लखलखत होती. तळाशी इतका काल्क साचला होता की पहिल्याच दिवशी व्हिनेगर घालून घासावी लागली, असे आजींनी सांगितले. नंतर तिच्यात नळाचे स्वच्छ पाणी भरले, नळीही आतून धुतली, आणि तुम्ही लोक हे कधी करतच नाही का, असे अत्यंत मायेने विचारले. मी दोनदा आभार मानले. मग क्षारता मोजायला बसलो. नळीत थेंब टाकत जायचे आणि निळा रंग कितव्या थेंबाला पिवळा होतो ते पाहायचे. जाण्यापूर्वी तो आठव्या थेंबाला झाला होता, आता पाचव्यालाच झाला.

आजींनी जाता जाता आमची किटलीसुद्धा घासून ठेवली होती. मी तिच्यात चहाचे आधण ठेवले आणि ‘हे पीठ नाही’ लिहिलेला डबा खाली काढला.