शनिवारचे फासे आणि लादीपावाच्या ट्रेमधला पिझ्झा

"फासे आले म्हणजे जुगार आलाच की. महाभारत कशानं घडलं?"

पालकसभेत एका वडिलांनी हे विचारलं आणि अर्ध्या माना डोलल्या. विषय होता आमच्या लेकीच्या शाळेतल्या क्लबचा. आठवी-नववीची अकरा पोरं शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास थांबतात आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. पोरांच्या भाषेत डीएनडी. एक जण मास्तर होतो आणि प्रसंग सांगतो: तुम्ही खंदकापाशी पोचलाय, पलीकडं दिवा हलतोय, काय करता? बाकीचे आपापलं पात्र घेऊन बोलायला लागतात. एखादं धाडस जमेल की फसेल अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत हा खेळ बाजारात आणला. सोंगट्यांचा पट लागत नाही, पैसा लावायचा नसतो, शेवटी कुणी जिंकतही नाही.

मला त्या बाबांना द्यायचं उत्तर सुचलं, पण नेहमीसारखं सभा संपल्यावर, सात रस्त्याच्या सिग्नलला. द्यूतात समोरच्याला नागवायचं असतं. इथं सगळे एकाच बाजूला असतात, इथला शकुनीसुद्धा आपल्याच टोळीतला. आणि फाशांचंच म्हणाल तर शंकर-पार्वती सारीपाट खेळतात हे सिद्धेश्वराच्या गावात, सोलापुरात, कुणाला नव्यानं सांगायला पाहिजे का? तिकडं अमेरिकेतही 1980 च्या दशकात याच खेळावरून पालकांनी आरडाओरडा केला होता, हा सैतानाचा खेळ आहे म्हणून. म्हणजे घाबरण्यात आपण एकटे नाही.

शाळेचं म्हणणं वेगळंच होतं. "यातून विद्यार्थ्यांना काय लाभ, ते लेखी द्या." तोवर शनिवारची खोली जादा तासाला दिली गेली आणि पोरं पाण्याच्या टाकीजवळच्या व्हरांड्यात जाऊन बसली. मी दिलं लिहून. गणित सुधारतं, इंग्रजी वाचन वाढतं, सभाधीटपणा येतो, वगैरे. पानभर. खोटं त्यात काही नव्हतं, पण सही करताना मला माझीच लाज वाटली. गल्लीत लपाछपी खेळताना आपल्याकडून कुणी लाभ लिहून घेतला होता का?

असो. अडचण फाशांची होती. अकरा जणांत एकच संच. त्यात सात फासे येतात: चार, सहा, आठ, बारा, वीस बाजूंचा एकेक आणि दहा बाजूंचे दोन. त्यातला चार बाजूंचा, समोशासारखा दिसणारा, बाकाखाली गेला तो गेलाच. म्हणून पोरांनी आनंद मेळाव्यात पिझ्झ्याचा स्टॉल लावायचं ठरवलं आणि मी घरी केकच्या ऑर्डरी घेते म्हणून भट्टीचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. मी एकच अट घातली. पिझ्झा करायचा तर एकेका गावाचा करायचा, आणि तो तिथं तसाच का झाला ते पुठ्ठ्यावर लिहून लावायचं.

या अटीनं माझाच जीव घेतला. इटलीतल्या नेपल्सच्या पिझ्झ्याला लाकडाच्या भट्टीत साधारण 430 ते 480 अंशांची धग लागते आणि तो 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. म्हणून मऊ राहतो, कडेला फुगतो, काळे ठिपके पडतात. माझा ओटीजी, म्हणजे घरातला विजेचा ओव्हन, 250 च्या पुढं जात नाही. बारा मिनिटं ठेवला. बाहेर आला तो वाजत होता. एकानं टिचकी मारली आणि शेजारच्याला म्हणाला, "कडक भाकरी झालीय की बे."

लगेच दुसऱ्याचं डोकं चाललं. यावर शेंगाची चटणी टाकू आणि 'सोलापुरी पिझ्झा' म्हणून विकू. मी नाही म्हणाले, आणि अजूनही नाहीच म्हणते. वरून आपल्या गावचं काहीतरी भुरभुरलं म्हणजे त्या गावाची पद्धत होत नाही. पद्धत होते ती भट्टीमुळं, भांड्यामुळं, तिथल्या माणसांच्या कामधंद्यामुळं. न्यूयॉर्कचा मोठा पातळ तुकडा दुमडून चालता चालता खाता येतो. रोममध्ये लांबोडका पिझ्झा कात्रीनं कापून वजनावर विकतात, आपल्याकडं फरसाण विकतात तसा. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये नेपल्सकडून आलेल्या लोकांनी कोळशाच्या भट्ट्या लावल्या आणि पिझ्झ्यासाठी त्यांच्या बोलीतला 'अबीट्स' हा शब्द तिथं अजून टिकून आहे. शिकागोचा खोलगट असतो, 1943 पासूनचा. तो बराच वेळ भाजावा लागतो, म्हणून चीज खाली आणि टोमॅटो वर, नाहीतर चीज करपेल. कारण कळलं की आकार पाठ करावा लागत नाही.

मला सगळ्यात भावला तो डेट्रॉइटचा. 1946 मध्ये बडीज नावाच्या ठिकाणी सुरू झाला. मोटारींचं शहर. तिथल्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरायचे ते निळसर पोलादाचे चौकोनी ट्रे उचलून त्यात पिझ्झा भाजला, असं सांगतात. चीज पार कडेपर्यंत पसरायचं, ते ट्रेच्या भिंतीला चिकटून करपतं आणि टोमॅटोचे पट्टे वरून ओढायचे. ते करपलेलं चीज म्हणजे थेट दुधाच्या पातेल्याची खरवड! त्यावरून भांडणं होतात, तीही तशीच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गल्लीच्या टोकाला बेकरी आहे. त्यांच्याकडं लादीपावाचे जुने, वापरून काळेभोर झालेले ट्रे पडून होते. बेकरीवाल्या मामांनी चार दिले, वर "घासू नका हां, नाहीतर चिकटेल" अशी ताकीद. दोन चमचे तेल, पीठ बोटांनी कोपऱ्यापर्यंत दाबायचं, अर्धा तास झाकून पुन्हा दाबायचं, कारण पहिल्यांदा ते रबरासारखं मागं येतं. मोझरेला आणि साधं प्रोसेस्ड चीज निम्मं निम्मं, अमूलचंच. डेट्रॉइटवाले वापरतात ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं ब्रिक चीज विजापूर रोडला कुठं मिळणार? पण याच विस्कॉन्सिनातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून डीएनडी बाहेर पडला. चीज आणि खेळ एकाच राज्यातले! हे लेकीनं शोधलं आणि पुठ्ठ्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं.

चाळीस रुपयांना तुकडा. कडेचे आधी संपले, मधल्यांना कुणी विचारेना. आणि कबूल करते, माझी पाठ वळल्यावर कुणीतरी एका ट्रेवर शेंगाची चटणी भुरभुरलीच. तो ट्रे पाच मिनिटांत रिकामा.

खर्च वजा जाता 3,400 रुपये राहिले. त्यातून चार संच फासे, पेन्सिली, खोडरबर. जाडजूड महागडी पुस्तकं घेतली नाहीत, कारण सुरुवातीचे नियम नेटवर फुकट मिळतात. 2023 मध्ये तर खेळाच्या कंपनीनं गाभ्याच्या नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली खुला केला, म्हणजे झेरॉक्स काढायलाही हरकत नाही. रंगवलेल्या बाहुल्यांऐवजी चिंचोके. मोठा चिंचोका म्हणजे राक्षस.

परवा मी ट्रे घेऊन गेले तेव्हा लांबून ऐकत उभी राहिले. मास्तर झालेल्या नववीतल्या पोराच्या घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर आहेत. त्याच्या कथेतला किल्ला भुईकोट, आणि बाजारातला दोरखंडवाला तेलुगूत घासाघीस करतो. वेशीवरचा पहारेकरी कन्नड बोलतो, म्हणून अक्कलकोटच्या पोरीला पुढं केलं होतं. तिनं काहीतरी म्हटलं, फासा टाकला, वीसपैकी तीनच आले. पहारेकऱ्यानं सगळ्यांना आत टाकलं. व्हरांडा हसून हसून आडवा. हे कुणी शिकवलं नव्हतं. हाताशी होतं ते त्यांनी वापरलं, बेकरीचे ट्रे वापरले तसंच.

म्हणून माझं मागणं तेवढंच. या खेळाला 'उपक्रम' करू नका. गुण, प्रमाणपत्र, तज्ज्ञांचं मार्गदर्शन, काही नको. एक पंखा चालू असलेली खोली द्या आणि लांब बसून आपलं काम करत राहणारं एक मोठं माणूस. उन्हाळ्यात त्या टाकीपाशी पोरांचीच भट्टी होते. पालकांपैकी कुणाला शनिवारी बारा ते दोन बसता येत असेल तर मला मेसेज करा. खेळ कळायची गरज नाही, मलाही निम्माच कळतो.

येत्या शनिवारी चार ट्रे करणार आहे. दोघं कांदा-लसूण खात नाहीत, त्यांचा वेगळा. आणि कडेच्या तुकड्यांसाठी आता फासा टाकायचा ठरलाय, वीस बाजूंचा.