मंदिर राजाचे, शैली मात्र कारागिरांची

मध्ययुगीन मंदिराविषयी बोलताना आपला पहिला प्रश्न ‘हे कोणत्या राजाने बांधले?’ असा असतो आणि त्याचे उत्तर मिळाले की बहुतेकांची जिज्ञासा तिथेच संपते. शिलाहारांचे, यादवांचे, परमारांचे ही वाटणी कालक्रम लावायला सोयीची आहे. परंतु वास्तू समजून घ्यायला ती फारशी कामाला येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आणि उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील माम्वाणी राजाचे नाव येते. माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर परमार राजा उदयादित्याचे. ते १०८० च्या सुमारास पूर्ण झाले. सिन्नरचे गोंदेश्वर यादवकाळातले. घराणी तीन, पण तिन्ही मंदिरांची शिखरशैली एकच : भूमिज.

ही शैली ओळखणे अवघड नाही. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध जाळीदार नक्षीचा एकेक पट्टा थेट माथ्याकडे चढत जातो. त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत लहान स्तंभांवर बसवलेल्या इवल्या शिखरांच्या आडव्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात आणि अशा प्रत्येक ओळीला भूमी म्हणतात. वर जावे तशी ही इवली शिखरे आकसत जातात, आणि तरीही बाहेरची वक्ररेषा कुठे तुटलेली दिसत नाही. सिन्नरला मुख्य मंदिराच्या चार कोपऱ्यांतली छोटी देवळे सोडून थोडा वेळ नुसत्या या ओळींकडे पाहिले, तरी त्यामागचा हिशेब किती काटेकोर असेल याची कल्पना येते. अंबरनाथच्या शिखराचा माथा आज उरलेला नाही, पण उरलेल्या भागातही ही मांडणी स्वच्छ वाचता येते.

हा हिशेब राजाज्ञेने होत नसतो. तो सूत्रधारांना, म्हणजे मुख्य स्थपतींना, आणि पाथरवटांना ठाऊक होता, आणि राज्यांच्या सीमा ओलांडून तो त्यांच्यासोबतच फिरला असणार. आपल्याकडच्या शिलालेखांत मात्र दात्याचे नाव ठळक असते, कारागिराचे क्वचितच. कर्नाटकात, होयसळ राजांच्या मुलखात, बेलूरला दासोज, सोमनाथपूरला मल्लितम्म अशी शिल्पकारांची नावे दगडावरच कोरलेली सापडतात, याचा मला नेहमी हेवा वाटतो.

(कारागिरांचे श्रेय एकाच बड्या नावावर कसे जाते, याचे हेमाडपंत हे आणखी एक उदाहरण. तो महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या आधी दोनशे वर्षे उभ्या राहिलेल्या अंबरनाथचे श्रेयही लोक बिनदिक्कत त्याला देऊन टाकतात.)

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर तर घराण्यांच्या चौकटीत मावतच नाही. ते कोल्हापूरच्या शिलाहारांचे म्हणून ओळखले जाते, आणि तिथेच यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा दानलेख आहे. शिलाहारांचे राज्य त्याने नुकतेच जिंकले होते. सत्ता बदलली, तरी दान त्याच देवाला मिळाले. वर्तुळाकार छत मधोमध उघडे ठेवलेला तिथला स्वर्गमंडप आणि मंदिर पाठीवर तोलून धरणारी हत्तींची रांग पाहताना ‘हे शिलाहारांचे की यादवांचे’ हा वाद मला तरी दुय्यम वाटतो. पुरातत्त्व विभागाच्या फलकांवर राजाच्या नावाखाली आराखडा, शिखराचा प्रकार आणि बांधणीची पद्धत यांवर चार ओळी आल्या, तर पाहणाऱ्याची नजर निदान मूर्तींच्या वर शिखरापर्यंत जाईल.