दाढेच्या भुलीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

चोपडा-यावलकडच्या ग्रुपांवर ‘दाढ काढतानाची भूल डोक्यात चढते, बीपी-शुगरवाल्यांनी घेऊ नये’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. मी दातांची डॉक्टर आहे, रोज हे इंजेक्शन देते. त्यातलं लिग्नोकेन हे भुलीचं औषध त्या जागच्या संवेदना नेणाऱ्या नसेत (मज्जातंतूत) सोडियम आत शिरायची वाट अडवतं. निरोप पुढे सरकतो तो या सोडियममुळेच, म्हणून दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. ओठ २-३ तास जड राहतो. तोवर गरम चहा नको, भाजलेलं कळत नाही.

धोका आहे तो डोस जास्त झाला किंवा औषध थेट रक्तवाहिनीत गेलं तर: कानात आवाज, तोंडाभोवती मुंग्या, क्वचित झटके. म्हणूनच सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते आधी बघतो. बीपी, हृदयविकार, चालू गोळ्या, ॲलर्जी आधी सांगा. डोस त्यावरून ठरतो.

काल एक मावशी भुलीविनाच दाढ काढा म्हणत होत्या, हात थरथरत होते त्यांचे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.