फ्री मेमरी 52 एमबी दिसली म्हणून काही बिघडत नाही

‘कंप्युटर स्लो झालाय? हे पाच आकडे बघा, दुरुस्तीवाल्याचे पैसे वाचवा’ हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरत मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने त्यातल्या लिंकवरचा रॅम क्लीनर (मेमरी मोकळी करतो म्हणणारा प्रोग्रॅम) टाकलासुद्धा. म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचं म्हणणं असं: टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमधली चालू प्रोग्रॅमांची यादी) दिसणारी सिस्टिम आयडल प्रोसेस सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, खाते, ती बंद करा. एसव्हीसीहोस्ट (svchost, विंडोजच्या पडद्यामागच्या सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्रॅम) खूप दिसले तर व्हायरस. फ्री मेमरी 100 एमबीच्या खाली गेली की क्लीनर टाका. डिस्क 100% म्हणजे डिस्क भरली, डिफ्रॅग करा (फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावा). तापमान 127 दिसलं तर प्रोसेसर जळतोय.

पहिल्या मुद्द्याला उत्तर देणंही जिवावर येतं. त्या ओळीसमोर समजा 96 दिसतोय, तर तो सीपीयूचा टक्क्यांतला रिकामा वेळ आहे. बाकी सगळ्यांना मिळून 4 लागले, एवढंच. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) 0 असलेली ही ओळ बंद करायला गेलात तर विंडोज ऐकणार नाही, आणि तेच बरं.

एसव्हीसीहोस्टचं म्हणाल तर विंडोज 10 च्या 1703 आवृत्तीपासून, रॅम 3.5 जीबीपेक्षा जास्त असेल तर बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या एसव्हीसीहोस्टमध्ये चालतात. त्यामुळे पन्नास-साठ ओळी दिसणारच. शंका असेल तर राइट क्लिक करून फाइल लोकेशन उघडा. फाइल सिस्टिम32 ऐवजी टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये निघाली तर मात्र खुशाल घाबरा.

आता मेमरी. खरं नुकसान इथे होतं. रन मध्ये ‘रेसमॉन’ (resmon) टाइप करून मेमरीचा टॅब उघडा. 8 जीबीच्या मशीनवर खालची पट्टी साधारण अशी दिसेल: हार्डवेअर रिझर्व्ह्ड 200 एमबी, इन यूज 4300, मॉडिफाइड 120, स्टँडबाय 3520, फ्री 52. मेसेजमध्ये लाल गोल केलाय तो नेमका शेवटच्या आकड्याला. पण स्टँडबाय म्हणजे आधी वाचलेल्या फाइल्स आणि पानं (मेमरीचे छोटे ठोकळे), पुन्हा लागतील म्हणून ठेवलेली. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की ती तत्क्षणी देता येते. म्हणून बघायचा आकडा ‘अव्हेलेबल’: 3520 अधिक 52, म्हणजे 3572 एमबी. जवळजवळ निम्मी रॅम हाताशी आहे आणि हे म्हणतात संपली!

क्लीनर काय करतो? चालू प्रोग्रॅमांच्या ताब्यातली पानं जबरदस्तीने काढून घेतो. इन यूजचा आकडा धाडकन खाली येतो, हिरवी टिक उमटते. मग तुम्ही ब्राउझरवर क्लिक करता आणि तीच पानं त्याला परत मागवावी लागतात. दरम्यान ती डिस्कवर गेली असतील तर तिथून. काही क्लीनर तर स्वतःच भलीमोठी मेमरी मागून घेतात, त्यात सगळी कॅश (तीच स्टँडबायमधली साठवण) बाहेर फेकली जाते, आणि मग ती सोडून देतात. ‘दर 5 मिनिटांनी आपोआप साफ करा’ हा पर्याय चालू असेल आणि मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल तर मशीन दर 5 मिनिटांनी अडखळणार. सिसइंटर्नल्सची साधनं लिहिणारे, आता मायक्रोसॉफ्ट अझ्युरचे सीटीओ असलेले मार्क रसिनोविच यांनी या क्लीनरांचं पितळ वीसेक वर्षांपूर्वीच उघडं पाडलंय. विंडोजच्या पोटातलं त्यांच्याहून जास्त त्या मेसेजवाल्याला कळत असेल तर प्रश्नच मिटला.

रॅम खरंच कमी पडते, हे मान्य. पण ते कळतं दुसरीकडे. टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’चा (प्रोग्रॅमांना कबूल केलेली मेमरी) पहिला आकडा दुसऱ्याला, म्हणजे मर्यादेला, टेकत आलाय का? नवीन काही उघडलेलं नसताना रेसमॉनमध्ये हार्ड फॉल्ट्स (हवं ते पान रॅममध्ये नाही म्हणून डिस्कवरून आणणं) सेकंदाला शेकड्यांनी सतत चालू आहेत का? दोन्ही असेल तर रॅम वाढवा. प्रोग्रॅम उघडताना हार्ड फॉल्ट्सची एक उसळी येतेच, तिच्यावरून काही ठरवू नका.

डिस्कच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे: 100% सतत दिसत असेल तर मशीन रखडतंय हे खरं. पण तो आकडा डिस्क किती वेळ कामात होती याचा आहे, किती भरली याचा नाही. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला 1-2 एमबी वाचतानाही 100 दाखवते, कारण हेड इकडून तिकडे पळत असतं. शेजारचा ‘अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ बघा. 10-20 मिलिसेकंद ठीक, शेकड्यांत गेला आणि तिथेच राहिला तर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्रॅम) उघडून 05 (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि सी5 (C5, नीट वाचता न येणारे सेक्टर) या ओळींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, तपासा (ती मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या अंकपद्धतीत दिसते, 10 म्हणजे 16). सी5 शून्य नसेल तर आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. अशा डिस्कवर डिफ्रॅग चालवणं म्हणजे तिला तासन्‌तास राबवून उरलासुरला डेटा घालवणं.

आणि 127 अंश? बऱ्याचदा मदरबोर्डच्या चिपला एखादी सेन्सरची जागा असते, पण तिथे सेन्सर जोडलेलाच नसतो, मग ‘ऑक्सटिन’ (AUXTIN) सारख्या नावाखाली 127 दिसतो. चिन्हासह 8 बिटांत मावणारा तो सर्वांत मोठा आकडा. मशीन तासभर चालल्यावरही तो एका अंशानेही हलत नसेल तर सोडून द्या आणि ‘सीपीयू पॅकेज’ बघा. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश असते, त्यामुळे काम चालू असताना 70 दिसलं म्हणून प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायला कुणाला बोलवायची गरज नाही.